पत्र्याच्या यंत्राचा चित्रपट

एखाद्या मालिकेतील दुय्यम पात्र लोकांना इतके आवडते, की निर्माते त्याला बाजूला काढून त्याच्याभोवती स्वतंत्र गोष्ट उभी करतात. मूळ मालिकेचे जग तेच राहते. फक्त कोपऱ्यात उभे असलेले पात्र मधोमध येते. असा एक अ‍ॅनिमेशनपट मंगरूळपीरच्या बाजारात, पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर तयार झाला. मी येथील एका शाळेत विज्ञान शिकवते. त्या माडीवर चित्रे काढणारी मुलगी माझी विद्यार्थिनी होती आणि चित्रपटातील विज्ञान तपासण्याचे काम तिने माझ्याकडे दिले होते, म्हणून त्याची हकीकत मला आरंभापासून ठाऊक आहे.

तिचे वडील आंदणाच्या पेट्या करतात. किन्हीराजापासून अनसिंगपर्यंतच्या खेड्यांतले लोक लग्न ठरले की त्यांच्याकडे येतात. पेटी तयार झाली की तिच्या झाकणावर मोर, कमळ आणि नवरानवरीची नावे रंगवायची, अशी पद्धत आहे. शाळेत असतानाच हे रंगकाम मुलीकडे आले होते. माझ्या वहीतपासणीत तिच्या आकृत्या वेगळ्या ओळखू येत. हृदयाच्या छेदाभोवतीही तिने एकदा वेल काढली होती. वेल शास्त्रीय नाही, असे मी तिला समजावले, तेव्हा तिने ती खोडली आणि खोडलेली जागाही नीट रंगवून दिली.

पुढे ती पुण्याला गेली आणि एका कंपनीत अ‍ॅनिमेशन करू लागली. त्या कंपनीची एक मालिका मोबाइलवर फार पाहिली जात असे. एका भरकटलेल्या अंतराळयानातील माणसांची ती कथा. यानात दुरुस्तीचे एक जुनाट यंत्र होते, पेटीसारखे चौकोनी, दोन हातांचे. अशा कामात आधी तात्पुरता आवाज भरून घेतात आणि नंतर नटाचा पक्का आवाज बसवतात. मुलीने घरी फोन लावला आणि वडिलांकडून चारदोन वाक्ये बोलून घेतली. ती कंपनीत सगळ्यांना इतकी आवडली की नट बोलावलाच नाही. यानाचा कप्तान ओरडू लागला की यंत्र मान न वळवता म्हणे, "एवढी घाई कायले करून राह्यले तुमी?" हे वाक्य महाराष्ट्रभर पसरले. रिक्षांच्या मागे लिहिले गेले, लग्नाच्या आमंत्रणांतही आले.

शेजारचा भांडेवाला मुलीच्या वडिलांना चाचा म्हणतो. तो त्यांना म्हणाला, "चाचा, तुमचा आवाज गेला आभायात आन् तुमी अजून पत्राच ठोकून राह्यले."

ते म्हणाले, "आवाजाले तिकीट लागत नाई भाऊ. मले लागते."

या यंत्राचा स्वतंत्र चित्रपट काढायचे कंपनीने ठरवले, तेव्हा मुलीने एक अट घातली. काम मंगरूळपीरला होईल आणि तिथल्याच मुली ते करतील. कंपनीने मान्य केले, मात्र आपलीही अट सांगितली. चित्रपट लोकांनी उचलून धरला तर पुढची कामे याच माडीवर येतील. नाही तर माडी बंद करून तिने पुण्याला परतायचे. तिने हे मला पहिल्याच भेटीत सांगितले. खाली हातोडी चालू होती, त्यामुळे तिला थोडे मोठ्याने बोलावे लागले. "मॅडम, हा चालला तर मी इथेच राहीन," ती म्हणाली. "मी राहिले तर या तिघी पण राहतील."

त्या तिघी शेजारच्याच मोहल्ल्यातल्या होत्या. एक मेंदी काढायची, एक ब्लाउजवर नक्षी भरायची, तिसरीने नुकतीच बारावी केली होती. बाहेरगावी नोकरीला त्यांना कोणी पाठवले नसते. पेटीवाल्या चाचांची माडी म्हणजे घरच, शिवाय तिसरीच्या घरी मी शब्द टाकला होता, म्हणून त्यांना परवानगी मिळाली होती. मी पालकसभेत अनेक वर्षे सांगत आले होते की मुलींना शिकवा, शिक्षणाचा उपयोग गावातही होतो. माझ्याकडे त्याचे उदाहरण मात्र नव्हते. त्या माडीवर ते तयार होत आहे, असे मला वाटू लागले.

कथा मुलीची होती आणि साधी होती. यान सोडून सगळी माणसे निघून जातात. यंत्र मागे राहते. त्याला कोणी थांब असे सांगितलेले नसते आणि काम संपले असेही सांगितलेले नसते. म्हणून ते एकेक वस्तू दुरुस्त करत राहते. शेवटी यान चालू होते, दिवे लागतात, माणसांच्या खुर्च्या रांगेत असतात आणि त्यांवर बसायला कोणी नसते.

या कलेतील एक गोष्ट सर्वसाधारण वाचकाला ठाऊक नसते, ती येथे सांगणे आवश्यक आहे. चित्र आधी काढून त्यावर आवाज चढवत नाहीत. आवाज आधी घेतात आणि त्या आवाजानुसार तोंड हलवतात. कोणत्या क्षणी ओठ मिटले, कोठे दम घेतला, हे ऐकून चित्रकार चेहरा घडवतो. त्यामुळे बोलणारा माणूस दिसत नसला, तरी त्याची सगळी सवय चित्रात उतरते. मुलीच्या वडिलांची सवय अशी होती, की काम करताना ते छोटे खिळे ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरतात आणि उरलेल्या उजव्या कोपऱ्याने बोलतात. खिळे काढून ठेवा असे सांगितले, तर त्यांचे बोलणेच अडखळू लागले. मग खिळे राहू दिले. परिणामी त्या यंत्राचे तोंड नेहमी उजव्या बाजूनेच उघडत असे, आणि ते उघडताना पाहून मला दर वेळी त्यांचीच आठवण येई.

ध्वनिमुद्रण माडीवरच होई. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या असत. दुपारची नमाज आटोपली की ते हातोडी खाली ठेवून वर येत आणि दुपार टळेपर्यंत दुकानात ठोकाठोक बंद राही. भांडेवालाही त्या वेळी भांडी उतरवत नसे. पुढे ध्वनिमुद्रण संपले, तरी मुली ऐकून ऐकून ओठ जुळवत, म्हणून दुपारची ही शांतता तशीच पाळली गेली. बाजारात एक रीतच पडली होती.

शेवटचे वाक्य घेण्याचा दिवस मला स्पष्ट आठवतो. मुलीच्या सांगण्यावरून मी ते जरा लांबलचक लिहून दिले होते. ते वाचताना तिच्या वडिलांचा आवाज परीक्षेतल्या मुलासारखा होत होता. मुलीने कागद बाजूला ठेवला आणि त्यांना जिन्यावरून खाली पाहायला सांगितले. खाली एक आंदणाची पेटी पडून होती. तिच्यावर मोर होता, नावे होती. पण लग्न मोडले आणि ती न्यायला कोणी आलेच नाही. मुलगी म्हणाली, "अब्बा, त्या पेटीकडे पाहून बोला." ते कठड्यावरून खाली वाकले. मग म्हणाले, "सारं दुरुस्त केलं. आता बसाले कोनी नाई."

त्यानंतर कोणीही दुसऱ्यांदा बोलायला सांगितले नाही. नक्षी भरणारी मुलगी कानावरचा हेडफोन काढून भिंतीकडे तोंड करून बसली.

अडचणी येतच राहिल्या. त्या उन्हाळ्यात वीज वारंवार जाई आणि संगणकांवर अर्धवट तयार झालेले दृश्य पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. एका दृश्यात यंत्र यानाबाहेर जाऊन भेग बुजवते. अवकाशात हवा नाही, म्हणून तेथे ध्वनी नाही आणि सावलीत विखुरलेला उजेडही नाही, ती काळीभोर पडते, हे मी लक्षात आणून दिले. मुलींनी तक्रार न करता सगळ्या सावल्या नव्याने काढल्या. खरी अडचण पुण्याहून येणाऱ्या फोनची होती. गोष्ट फार गंभीर होत आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. त्यांनी यंत्राला एक सोबती द्यायला सांगितला, झाडू मारणारे एक छोटे यंत्र, जे पावलोपावली पडेल. गुरुत्वाकर्षण नसलेल्या यानात वस्तू पडत नाहीत, असे मी लेखी कळवले. त्यांनी कळवले की लोकांना पडलेले आवडते. मग यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे, असे एक वाक्य घालून आम्ही त्या झाडूवाल्याला पाडले. दर वेळी तो पडला की मेंदी काढणारी मुलगी म्हणे, "पड बाप्पा पड, तुह्यावरच आमची नौकरी हाये." आम्ही सगळ्याच हसत असू.

शेवटाला मात्र मुलीने हात लावू दिला नाही. त्या वाक्यासाठी ती कंपनीशी भांडली, फोन बंद करून ठेवला, पुन्हा चालू करून माफी मागितली आणि पुन्हा भांडली. अखेर वाक्य टिकले.

चित्रपट पूर्ण झाल्यावर कंपनीने पुण्यात काही लोकांना बोलावून तो दाखवला. मुलगी त्यासाठी गेली होती. तिचा फोन आला, तेव्हा मी शाळेतच होते. लोकांना आवडला, असे ती म्हणाली. पण ती आनंदात नव्हती. मी कारण विचारले. लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसले, असे तिने सांगितले. शेवटच्या वाक्यालाही हसले का, असे मी विचारले. ती म्हणाली, "त्यालाच सगळ्यात जास्त."

यावर मी तिला जे स्पष्टीकरण दिले, ते मला त्या वेळी पुरेसे वाटले होते. पुण्याच्या लोकांनी वऱ्हाडी बोली फक्त विनोदी पात्रांच्या तोंडून ऐकलेली असते. नोकर, रखवालदार, बावळट पाहुणा. कानाला तशी सवय लागली, की अर्थ पोहोचण्याआधी हसू पोहोचते. आपल्याकडे असे होणार नाही, असे मी तिला सांगितले. आपल्याकडे माणसे याच बोलीत रडतात, याच बोलीत मयताला जातात. तू आपल्या गावात दाखव.

कंपनीला त्या हसण्यात फायदा दिसला. जाहिरातीत झाडूवाल्याचे पडणे आणि मागे ढोलकी एवढेच दाखवले. त्यामुळे जे प्रेक्षक आले ते विनोदी चित्रपट पाहायला आले. झाडूवाला पडणे थांबले, की ते कंटाळत आणि यंत्र बोलू लागले, की पुन्हा हसत. मालिकेच्या चाहत्यांनी लिहिले की एवढ्या मजेदार पात्राची माती केली. कोणी लिहिले की तोंड वाकडे उघडते, काढणाऱ्याला ओठ जुळवता येत नाहीत. हे वाचून मुलीने उत्तर लिहायला घेतले होते. माझे वडील असेच बोलतात, एवढे एक वाक्य तिने टंकले आणि पुसून टाकले. ते पुसलेले मी तिच्या खांद्यामागून पाहिले.

आता मंगरूळपीरच्या खेळावर आमची भिस्त होती. येथे लोकांनी उचलून धरला, खेड्यापाड्यांतून मागणी आली, तर कंपनीला सांगण्यासारखे काही हाती येईल, असा तिचा हिशेब होता. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून मंगल कार्यालय दिले. पांढरा पडदा लावला, लाल खुर्च्या मांडल्या, बायकांची बसण्याची सोय एका बाजूला केली. रिठदहून माझी बहीणही आली होती. मुलीचे वडील पहिल्या रांगेत इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यात बसले होते. त्यांना इतका वेळ हातात काही नसताना बसलेले मी प्रथमच पाहत होते.

खेळ सुरू होण्यापूर्वी मी दोन शब्द बोलले. मध्ये काही वेळ आवाज पूर्ण बंद होईल, तो बिघाड नव्हे. अवकाशात ध्वनीला माध्यम नसते, म्हणून तसे आहे, हे मी समजावून दिले. स्पीकरवाल्याला वेगळे जाऊन सांगितले, कारण तो तारा हलवत बसेल अशी मला भीती होती. माझ्या सांगण्याचा उपयोग झाला. यंत्र यानाबाहेर गेले आणि सगळे सभागृह शांत झाले. लहान मुले आपल्या आयांना सांगत होती की हवा नाही म्हणून आवाज नाही. माझ्या अध्यापनाच्या काळात एवढ्या मोठ्या वर्गाला एखादी गोष्ट इतकी नीट समजल्याचे मला आठवत नाही.

यंत्र आत आले. दार बंद झाले, हवेचा आवाज हळूहळू भरला. दिवे लागले. रिकाम्या खुर्च्या दिसल्या. यंत्राने उजवीकडून तोंड उघडले आणि म्हटले, "सारं दुरुस्त केलं. आता बसाले कोनी नाई."

सभागृह हसले. कुचेष्टेचे हसू ते नव्हते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. त्यात आपलेपणाही होता. आपल्या गावचा माणूस पडद्यावर आपल्यासारखा बोलतो, याची मौज होती. मागून कोणी तरी ओरडले, "चाचा, मी येतो बसाले," आणि हसू दुप्पट झाले. माझी बहीण, जी घरी याच भाषेत बोलते, तोंडाला पदर लावून हसत होती. मी ज्यांच्यावर भरवसा ठेवला होता, त्यांनाही पडद्याने इतकी वर्षे तेच शिकवले होते, जे पुण्याला शिकवले. मी शांततेची पूर्वतयारी करून घेतली होती. आवाजाचीही करून घ्यावी लागेल, असे माझ्या मनात आले नव्हते.

मुलगी प्रोजेक्टरजवळ उभी होती. ती हलली नाही. तिघी मुली एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या.

बाहेर चहा चालू होता. तिचे वडील गर्दीतून माझ्याकडे आले. लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते, कोणी त्यांच्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेत होते आणि ते म्हणतही होते. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "मॅडम, लोकं तं लय हासले. म्हंजे पोरीचं जमलं ना?"

मी हो म्हटले. 

कंपनीचा निर्णय लवकरच आला. माडीवरचे काम थांबवायचे आणि मुलीने पुण्यात रुजू व्हायचे. शब्द सभ्य होते. तिघी मुलींना आभाराचे पत्रही आले. मेंदी काढणारी पुन्हा मेंदी काढू लागली. नक्षीवालीचे लग्न ठरले आणि तिच्या आंदणाची पेटी याच दुकानातून गेली. झाकणावरचा मोर तिने स्वतः रंगवला. तिसरीच्या वडिलांना मी भेटायला गेले. त्यांनी मला आदराने बसवले, सरबत दिले आणि म्हणाले की मॅडम, तुमचा मान राखला, तुम्ही म्हटल्यावर पाठवले होते. त्यापुढे काही सुचवण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

मुलीचे सामान बांधण्याच्या दिवशी मी गेले होते. वडिलांनी तिच्यासाठी ती पडून राहिलेली पेटी काढली होती. झाकणावरची दोन्ही नावे त्यांनी घासून काढली होती. मोर तसाच ठेवला होता. नव्या रंगाचा डबा उघडून त्यांनी तिचे नाव टाकायला ब्रश पुढे केला. "राहू द्या अब्बा," ती म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्यांनी आग्रह केला नाही. डब्याचे झाकण बोटांनी दाबून बसवले. बसस्थानकावर कंडक्टरने पेटी मागच्या बाजूला ठेवून घेतली आणि आंदण कुठे चाललं, असे सहज विचारले. वडिलांनी पेटीची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

आता ती पुण्यात त्याच यंत्राचे छोटे छोटे विनोद करते. शेवटचे वाक्य त्यात हमखास असते. बस रिकामी उभी आहे, वर्गात मास्तर नाही, पंगतीत जेवण उरले आहे. यंत्र तोंड वाकडे करून म्हणते की आता बसाले कोनी नाई. लोकांना ते फार आवडते. तिचा फोन आला तेव्हा मी एकदा विचारले की तुला हे करताना काय वाटते. ती म्हणाली, "मॅडम, आवाज अब्बांचाच आहे. चित्र दुसऱ्या कोणाला करायला दिलं असतं तर त्याने तोंड सरळ केलं असतं."

दुपारी बाजारातून जाताना आता हातोडी ऐकू येते. नमाजेनंतर ती पूर्वी थांबत असे, हे विसरायला मला बरेच दिवस लागले. शाळा सुटली की मुलांचा घोळका त्या दुकानावरून जातो. त्यातली माझ्या वर्गातली मुले मी ओळखते. अवकाशात ध्वनी का नसतो, याचे उत्तर ती परीक्षेत अचूक लिहितात. दुकानासमोर आल्यावर ती एका सुरात ओरडतात, "सारं दुरुस्त केलं!" आणि थांबतात.

ते मान वर करतात. खिळे ओठांत धरलेले असतात. उजव्या कोपऱ्याने, मुलांना नाराज करायचे नाही म्हणून, ते पुढचे वाक्य पूर्ण करून देतात.